खाऱ्या पाण्यातील नव्या माशांवर तांब्याचा उपचार : विलगीकरण टाकीत मात्रा कशी राखावी

समुद्रातील शोभिवंत मासा पुण्यातल्या घरी पोहोचेपर्यंत पकडणाऱ्याच्या, निर्यातदाराच्या आणि दुकानदाराच्या टाक्यांमधून गेलेला असतो. या प्रत्येक टप्प्यावर ठिकठिकाणचे मासे एकाच पाण्यात राहतात. त्यामुळे वरवर निरोगी दिसणाऱ्या माशाच्या कल्ल्यांत परजीवी असण्याची शक्यता गृहीत धरूनच त्याला घरी आणावे. अशा माशाला थेट प्रवाळांच्या मुख्य टाकीत सोडले आणि रोग बळावला, तर तेथे तांबे वापरता येत नाही, कारण ज्या मात्रेला परजीवी मरतो त्या मात्रेला प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय आणि तारामासेही मरतात. म्हणून हा उपचार वेगळ्या टाकीत, मासा मुख्य टाकीत जाण्यापूर्वी करायचा असतो. औषधाची बाटली कोणती यापेक्षा पाण्यातील तांब्याची मात्रा रोज मोजली जाते की नाही, यावर या उपचाराचे यश अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

तांबे कशावर चालते आणि कशावर चालत नाही

तांब्याने आटोक्यात येणारे प्रमुख परजीवी दोन आहेत. पहिला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. त्याच्यामुळे माशाच्या अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात. दुसरा अमायलूडिनियम ओसेलॅटम, ज्याला हौशी मंडळी व्हेल्वेट म्हणतात. तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो आणि अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसू लागण्यापूर्वीच पुष्कळदा मासा दगावतो. व्हेल्वेट झालेला मासा जलद श्वास घेतो, प्रकाश टाळतो आणि पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून थांबतो. ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी उपचार सुरू करावा, कारण अमायलूडिनियमच्या एका कोषातून २५६ पर्यंत नवे परजीवी बाहेर पडू शकतात आणि उबदार पाण्यात त्याचे चक्र आठवड्याभरात पूर्ण होते.

क्रिप्टोकॅरिऑनचे जीवनचक्र समजून घेतले, की उपचाराचे सारे नियम आपोआप उलगडतात. माशाच्या त्वचेच्या बाहेरच्या थराखाली शिरलेला परजीवी तेथे साधारण ३ ते ७ दिवस पोसला जातो. त्यानंतर तो मासा सोडून तळाशी जातो, काही तासांत एखाद्या पृष्ठभागाला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष तयार करतो. कोषातील विभाजनातून शेकडो पिले तयार होतात आणि साधारण ३ ते २८ दिवसांत बाहेर पडतात. ती माशाच्या शोधात पोहत असतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. तांब्याचा मारा होतो तो या पोहणाऱ्या अवस्थेवरच. त्वचेखालच्या परजीवीला आणि कोषातल्या पिलांना तांबे सहसा काही करू शकत नाही. म्हणून औषध घातल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके कायम दिसले तर घाबरून मात्रा वाढवू नये. ठिपके चौथ्या दिवशी नाहीसे झाले तर मासा बरा झाला असे समजून औषध काढूही नये, कारण परजीवी तेवढ्या काळात फक्त माशावरून तळाशी गेलेला असतो.

ब्रुकलिनेला हा परजीवी क्लाऊनफिशवर विशेषतः आढळतो. त्यात अंगावर दाट पांढरट श्लेष्मा येतो आणि मासा एक-दोन दिवसांत मरू शकतो. त्यावर तांबे उपयोगी नाही, फॉर्मेलिन लागते. क्रोमिस आणि अँथियस या माशांवर लाल जखमा करणाऱ्या युरोनिमा या परजीवीवरही तांब्याचा भरवसा धरू नये. कल्ल्यांवरील आणि त्वचेवरील चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध आहे. जिवाणूंच्या संसर्गाशी तर तांब्याचा संबंधच नाही. रोग कोणता हे न पाहता सरसकट तांबे घालणाऱ्याचा मासा कधी कधी औषधाच्या ताणाने जातो आणि मूळ आजार तसाच राहतो.

टाकीची तयारी

दोन-तीन लहान माशांसाठी ६० ते ८० लिटरची साधी काचेची टाकी पुरते. टँग जातीचा मासा किंवा मोठा एंजलफिश असेल तर तिच्या दुप्पट घ्यावी. टाकीत वाळू, प्रवाळाचे तुकडे, खडक किंवा शिंपले अजिबात ठेवू नयेत, कारण कॅल्शियम कार्बोनेट तांबे शोषून घेते. त्यामुळे मात्रा कळत-नकळत घसरते आणि पुढे तेच तांबे केव्हाही परत पाण्यात येऊ शकते. तळ उघडा ठेवावा. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो वापरावेत. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ते हव्या त्या मापात मिळतात. नवे पाइप गरम पाण्यात धुऊन घ्यावेत आणि ते कापताना सॉल्व्हंट सिमेंटचा अंश राहणार नाही हे पाहावे. लपायला जागा नसलेला मासा आजारापेक्षा भीतीने अधिक खचतो.

गाळणीसाठी स्पंज फिल्टर सर्वांत सोयीचा. तो उपचारापूर्वी काही आठवडे एखाद्या निरोगी टाकीत ठेवला की त्यावर माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया संपवणारे, म्हणजे नायट्रीकरण करणारे जिवाणू वाढतात. तांब्यामुळे हे जिवाणू मंदावू शकतात, म्हणून अमोनियाकडे लक्ष असावेच. सक्रिय कार्बन, फॉस्फेट काढणारी माध्यमे आणि तांबे शोषणारे रेझिन उपचाराच्या काळात फिल्टरमधून काढून ठेवावेत. अतिनील दिवा आणि ओझोनही बंद ठेवावेत, कारण त्यांच्यामुळे काही औषधांत दुसऱ्या रसायनाशी बांधलेले तांबे मोकळे होऊन मात्रेचा अंदाज चुकू शकतो.

पुण्याच्या हवामानाचा येथे विचार करावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने पाण्यात विरघळणारा प्राणवायू किनाऱ्यावरच्या शहरापेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो. खाऱ्या आणि गरम पाण्यात तो आणखी घटतो. तांबे कल्ल्यांवर ताण आणते आणि व्हेल्वेटने आधीच कल्ले जखमी झालेले असतात, त्यामुळे एअर पंप पुरेसा मोठा असणे अत्यावश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतील टाकी सहज ३० अंशांच्या वर जाते. ती थंड खोलीत ठेवावी, पंख्याचा वारा पाण्यावर घ्यावा किंवा चिलर लावावा. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच. वर्षभर तापमान २५ ते २६ अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करावा. वीज जाण्याच्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप घरात असू द्यावा.

पाण्याबाबतही स्थानिक अडचण आहे. आजकाल तांब्याचा अंश पाण्यात सोडणारे घरगुती शुद्धीकरण यंत्र अनेक घरांत असते. ते पाणी पिण्यासाठी घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, पण माशांसाठी ते वापरू नये. मुख्य टाकीतल्या प्रवाळांना ते घातक ठरू शकते आणि उपचाराच्या टाकीत मोजणीचा पायाच बिघडतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नियंत्रक लावलेल्या यंत्रातही न गाळलेले पाणी मिसळलेले असते. स्वतंत्र आरओ (उलट परासरण) आणि डीआय (उरलेले आयन काढणारे रेझिन) यंत्राचे पाणी घ्यावे आणि त्यात समुद्री मीठ मिसळून विशिष्ट घनता १.०२५ ठेवावी. शहरात देखभालीसाठी अनेकदा गुरुवारी पाणीपुरवठा बंद असतो, म्हणून मिसळून ठेवलेले ३०-४० लिटर खारे पाणी आधीच तयार असावे. क्लोरीन काढण्याच्या रसायनाला आरओ पाण्यात जागा नाही, आणि ते टाळण्याचे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. अशी अनेक रसायने क्षपणकारक (समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारी) असतात. ती तांब्याच्या औषधाशी प्रक्रिया करून त्याचे अधिक विषारी रूप तयार करू शकतात. अमोनिया ‘निष्क्रिय’ करणाऱ्या द्रावणांनाही हेच लागू आहे. तांब्याच्या टाकीत अमोनियावर उपाय म्हणजे पाणी बदलणे, दुसरा नाही.

तांबे चालू असताना क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, उतरवण्याचा प्रयोगही करू नये. कमी क्षारतेत तांब्याची विषारीता वाढते.

कोणते तांबे घ्यावे

बाजारात तांबे मुख्यतः तीन स्वरूपांत मिळते. तिन्हींची लक्ष्यमात्रा वेगळी आहे आणि याच ठिकाणी सर्वाधिक गोंधळ होतो. पहिले साधे आयनी तांबे, म्हणजे कॉपर सल्फेटचे द्रावण. त्याची मात्रा ०.१५ ते ०.२० मि.ग्रॅ. प्रति लिटर ठेवावी लागते. दुसरे अमाइनशी बांधलेले, क्युप्रामीन या नावाने मिळणारे औषध. त्याची लक्ष्यमात्रा ०.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे. तिसरे कीलेटेड, म्हणजे घट्ट बांधीव तांबे. त्याची मात्रा साधारण २.० ते २.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर असते, मात्र बाटलीवर वेगळे लिहिले असेल तर बाटलीचे ऐकावे. मोजणीचे यंत्र मोकळे आणि बांधीव तांबे एकत्रच दाखवते, त्यामुळे एकाच वाचनाचा अर्थ औषधानुसार बदलतो. कीलेटेड औषधाला जी मात्रा योग्य, तीच आयनी तांब्याची असती तर सगळे मासे काही तासांत मेले असते. एक औषध संपले म्हणून मध्येच दुसरे घालणे, किंवा दोन प्रकार एकत्र करणे, हे म्हणूनच पूर्णपणे निषिद्ध आहे.

नवख्या माणसाने कीलेटेड तांबे वापरावे, अशी माझी शिफारस आहे. ते पाण्यात अधिक स्थिर राहते आणि मात्रेची सुरक्षित पट्टीही तुलनेने रुंद असते. आयनी तांबे पाण्यातील कार्बोनेटमुळे सतत खाली बसत राहते. ते दिवसातून दोनदा मोजून भरावे लागते आणि परिणामकारक मात्रा व घातक मात्रा यांमधील अंतर फारच थोडे असते.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि द्राक्षबागांसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्यांना ते परिचयाचे आहे. मार्केट यार्डातील शेतीच्या दुकानातून आणलेले मोरचूद माशांच्या टाकीत घालू नये. ते फवारणीसाठी असते आणि त्यातील इतर धातूंची हमी नसते. आयनी तांबेच वापरायचे असेल तर प्रयोगशाळेच्या शुद्धतेचे पेंटाहायड्रेट कॉपर सल्फेट घ्यावे. त्यात वजनाने २५.५ टक्के तांबे असते. ३.९३ ग्रॅम पावडर उर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर एक लिटर केले, की त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मि.ग्रॅ. तांबे येते. टाकीत प्रत्यक्ष ५४ लिटर पाणी असेल, तर ०.१८ मि.ग्रॅ. प्रति लिटर मात्रेसाठी एकूण सुमारे ९.७ मिलिलिटर लागतील. ही भर एकदम न घालता दोन-तीन दिवसांत विभागून घालावी. वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक असावा. स्वयंपाकघरातील काट्यावर हे काम होत नाही. हातमोजे घालावेत आणि बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.

मोजणी

टाकीचे मोजमाप पट्टीने घेऊन लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकारावर औषध ठरवू नये. काचेची जाडी, वरची मोकळी जागा, पाइप आणि फिल्टर यांमुळे प्रत्यक्ष पाणी बरेच कमी असते. टाकी भरतानाच २० लिटरच्या जारने मोजून भरावी आणि काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची खूण करावी. ही खूण पुढे रोज उपयोगी पडते. बाष्पीभवनाने पाणी कमी झाले तर तांबे टाकीतच राहते, म्हणून खुणेपर्यंत भर घालताना तांब्याविना गोडे आरओ पाणी घालावे. पाणी बदलताना मात्र जितके तांबे बाहेर गेले तितकेच नव्या खाऱ्या पाण्यात आधी मिसळून मगच ते टाकीत घालावे. या दोन कृतींची गल्लत झाली तर मात्रा एकदा वर आणि एकदा खाली जात राहते.

रंग बघून अंदाज करायच्या थेंबांच्या किटपेक्षा डिजिटल मापक कितीतरी चांगला. हॅना कंपनीचा एचआय७०२ हा उच्च पल्ल्याचा तांबेमापक ० ते ५ पीपीएम (म्हणजे मि.ग्रॅ. प्रति लिटर) दाखवतो आणि त्याची अचूकता ±०.०५ पीपीएम अधिक वाचनाच्या ५ टक्के अशी दिलेली आहे. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. २.२५ या वाचनाला चूक सुमारे ±०.१६ होते, म्हणजे खरी मात्रा २.०९ ते २.४१ यांच्या दरम्यान कोठेतरी असते आणि ती २.० ते २.५ या पट्टीत बसते. कीलेटेड तांब्यासाठी मी २.२५ हे लक्ष्य धरायला सांगतो ते या कारणाने. तोच मापक आयनी तांब्याच्या ०.२० या वाचनाला वापरला तर चूक ±०.०६ होते. पट्टीच जेमतेम ०.०५ ची असताना एवढी चूक परवडत नाही. आयनी तांब्यासाठी कमी पल्ल्याचा वेगळा मापक घ्यावा.

मापकातील काचेची नळी बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसावी, बोटांचे ठसे राहू देऊ नयेत, आतील बुडबुडे हलकेच टिचकी मारून काढावेत आणि चाचणीची पावडर पूर्ण विरघळेपर्यंत थांबावे. शंका आल्यास पुन्हा मोजावे. चाचणीच्या पावडरचे एक पाकीट वाचवण्याच्या नादात मासा गमावण्यात शहाणपण नाही. औषध घालण्यापूर्वी टाकीतील पाण्याचे एक वाचन घ्यावे. ते शून्याच्या जवळ नसेल तर आधी त्याचे कारण शोधावे. मासा आणला त्या पिशवीतील पाणीही मोजून पाहावे. काही दुकाने टाक्यांमध्ये थोडे तांबे कायम ठेवतात. त्याने परजीवी मरत नाही, पण लक्षणे दबून राहतात आणि घरी आल्यावर काही दिवसांत ती अचानक उसळतात. दुकानदाराला तांब्याबद्दल सरळ विचारावे, चांगला दुकानदार सांगतो.

उपचाराचा क्रम

मासा टाकीत आल्यावर, व्हेल्वेटची लक्षणे नसतील तर, पहिले तीन-चार दिवस त्याला स्थिर होऊ द्यावे आणि तो खातो आहे याची खात्री करावी. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), चिरलेली कोळंबी, वनस्पतिभक्षी माशांसाठी नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) असे जे त्याला आवडते ते थोडे थोडे द्यावे आणि उरलेले लगेच काढावे. या दिवसांत तो शांत असताना मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो हे मोजून वहीत लिहावे. पुढे श्वास वाढला तर तो औषधाने वाढला की रोगाने, हे ठरवायला हा आकडाच कामी येतो.

कीलेटेड तांब्यासाठी पहिल्या दिवशी १.०, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी २.० आणि चौथ्या दिवशी २.२५ असा चढ पुरेसा सावकाश असतो. नाजूक माशासाठी तो आणखी लांबवावा. व्हेल्वेट असेल तर मात्र एवढा वेळ हाताशी नसतो. अशा वेळी २४ तासांच्या आत २.० पर्यंत जावे आणि हवेचा प्रवाह वाढवावा. क्युप्रामीन वापरत असाल तर ४० लिटरला १ मिलिलिटर घालून ४८ तास थांबावे आणि तेवढेच पुन्हा घालावे, म्हणजे ०.५ ची मात्रा येते. कोणतेही औषध टाकीत सरळ न ओतता टाकीतल्याच पाण्यात पातळ करून, फिल्टरच्या प्रवाहाजवळ, हळूहळू घालावे.

बाटलीवरच्या प्रमाणावर विसंबून न राहता स्वतःच्या टाकीचे प्रमाण काढून ठेवावे. समजा १२ मिलिलिटर औषधाने वाचन ०.९ ने वाढले, तर प्रत्येक मिलिलिटरला ०.०७५ वाढ होते. वाचन १.९५ वर आले आणि २.२५ करायचे असेल, तर ०.३ साठी ४ मिलिलिटर पुरतात. भर घातल्यावर निदान काही तास पाणी फिरू द्यावे आणि मग पुन्हा मोजावे.

दिवस मोजायला सुरुवात औषध घातल्या दिवसापासून होत नाही. ज्या दिवशी वाचन प्रथम २.० वर पोहोचले तो पहिला दिवस. तेथून पुढे सलग १४ दिवस मात्रा कधीही त्याखाली जाता कामा नये. एकदा जरी ती खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, कारण नेमक्या त्या काही तासांत पोहणारे परजीवी माशावर परत चढू शकतात. हा नियम कठोर वाटतो, पण सवलत देण्याजोगी जागा परजीवीच्या जीवनचक्रात नाही. पहिले आठ दिवस रोज मोजावे. मात्रा स्थिर आहे असे दिसल्यास नंतर एक दिवसाआड चालते, पण पाणी बदलल्यावर लगेच मोजावेच.

१४ दिवस पूर्ण झाल्यावर मासा दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या ठेवलेल्या आणि नव्या पाण्याने भरलेल्या टाकीत हलवावा. जुन्या टाकीत कोष उरलेले असू शकतात, म्हणून तेथेच तांबे काढून मासा ठेवल्यास काही दिवसांत सारे पुन्हा सुरू होते. दुसरी टाकी ठेवायला जागा नसेल तर त्याच टाकीत उपचार ३० दिवस चालवावा, म्हणजे उशिरा फुटणाऱ्या कोषांतून आलेली पिलेही तांब्यात सापडतात. सदनिकेत राहणाऱ्यांना हा दुसरा मार्ग सोयीचा वाटतो, परंतु माशावर तांब्याचा ताण दुप्पट काळ राहतो, त्यामुळे शक्य असेल तर मी पहिलाच मार्ग निवडण्यास सांगेन.

दुसऱ्या टाकीसाठी जागा ठरवताना अंतराचा विचार करावा. अमायलूडिनियमचे पोहणारे परजीवी हवेतील सूक्ष्म थेंबांबरोबर वाहत्या हवेत ३ मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे प्रयोगातून सिद्ध झाले आहे. एअर पंपाचे बुडबुडे फुटून उडणारे तुषार आणि खोलीतला पंखा यांची सांगड येथे धोक्याची ठरते. दोन्ही टाक्या वेगळ्या खोल्यांत असतील तर उत्तम. जाळी, नळी, बादली आणि थर्मामीटर प्रत्येक टाकीचे वेगळे ठेवावे आणि आधी निरोगी टाकीचे काम, मग आजारी टाकीचे, हा क्रम मोडू नये. ओले हातही परजीवी वाहून नेतात.

सहन न होणारे मासे आणि विषबाधेची चिन्हे

शार्क आणि रे यांना तांबे देऊच नये. मँडरिन, लायनफिश, पफर, ईल आणि लहान आकाराचे एंजलफिश तांब्याला संवेदनशील असतात. रॅस जातीचे काही मासेही उपचारात अन्न सोडतात. अशा माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर टाकीबदलाची पद्धत लागू पडते. तीत मासा दर ७२ तासांच्या आत एका टाकीतून दुसऱ्या, पूर्ण वाळवलेल्या टाकीत असा चार-पाच वेळा हलवला जातो, म्हणजे परजीवी तळाशी जाऊन कोष बांधतो, पण तो फुटण्यापूर्वी मासा तेथून निघून गेलेला असतो. व्हेल्वेटसाठी ही पद्धत विश्वासार्ह नाही.

तांब्याची मात्रा सहन होत नसेल तर मासा आधी अन्न सोडतो. मग तो सुस्त होतो, रंग गडद होतो, श्वास वाढतो आणि पोहण्यातला तोल जातो. व्हेल्वेटनेही श्वास वाढतो, पण तेथे औषध पुरेशा मात्रेला पोहोचल्यावर काही दिवसांत तो उतरू लागतो. प्रत्येक वाढीनंतर श्वासाचा आकडा वर चढत असेल आणि सुरुवातीला तो ठीक असेल, तर दोष तांब्याकडे जातो. सर्वप्रथम मापकाने मात्रा पुन्हा तपासावी आणि अमोनियाही पाहावा. अमाइन असलेल्या औषधामुळे अमोनियाच्या चाचणीत खोटे वाचन येऊ शकते, म्हणून मासा नसलेल्या बादलीत त्याच मात्रेचे औषधी पाणी करून त्याचे वाचन तुलनेला ठेवावे. मासा एखाद-दोन दिवस खात नसेल तर थांबून पाहता येते. तो तीन-चार दिवस खात नसेल, किंवा बाजूला पडून राहत असेल, तर निम्मे पाणी तांब्याविना बदलावे, आणि प्रकृती खालावतच असेल तर कार्बन लावून उपचार सोडून द्यावा. जिवंत मासा पुन्हा उपचाराला घेता येतो.

उपचारानंतर

स्वच्छ टाकीत मासा आल्यावर निदान दोन आठवडे निरीक्षण करावे. चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल द्यायचे असेल तर ते याच काळात, २.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर मात्रेने द्यावे आणि ५ ते ७ दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी. त्या दिवसांतही हवा जोरात ठेवावी. लसणाचा रस अन्नात मिसळल्याने मासा खायला प्रवृत्त होत असेल तर हरकत नाही, पण त्याला परजीवीवरचे औषध समजू नये.

मुख्य टाकीत रोग आधीच शिरला असेल तर तेथील सर्व मासे उपचाराला काढून टाकी माशांविना ठेवावी लागते. प्रवाळ आणि कोळंबी तेथेच राहू शकतात, कारण क्रिप्टोकॅरिऑनला जगायला मासा लागतो. कोष विशेष परिस्थितीत ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे आणि त्यावरून ७६ दिवस टाकी रिकामी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. एखादा मासा पकडता येत नाही म्हणून त्याला मागे ठेवले तर बाकीच्यांचा उपचार वाया जातो.

वापरलेले औषधी पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा नदीत ओतू नये, कारण तांबे जलचरांना विषारी आहे. त्या पाण्यात काही दिवस भरपूर सक्रिय कार्बन किंवा तांबे शोषणारे रेझिन फिरवून, मापकावर वाचन शून्याजवळ आल्यावर ते घरातील सांडपाण्याच्या जोडणीत सोडावे. झाडांना ते देऊ नये, खारटपणानेच झाडे जळतील. टाकी, पाइप, स्पंज आणि जाळी धुऊन पूर्ण वाळवावी. टाकीच्या सिलिकॉनमध्ये थोडे तांबे मुरलेले असू शकते, त्यामुळे या टाकीत आणि या साहित्यासह पुढे प्रवाळ किंवा कोळंबी कधीही ठेवू नये. टाकी, बादली आणि नळी यांवर न पुसली जाणारी ‘तांबे’ अशी खूण करावी आणि हे साहित्य मुख्य टाकीच्या साहित्यापासून वेगळ्या कपाटात ठेवावे.